होडीच्या फळीखाली कप्पा केला आणि आता त्यात सारखं पाणी यायलंय, काय काय तपासायचं

आधी लक्षणं सांगतो. फायबरच्या होडीत पायाखालची फळी कापून खालच्या जागेत जाळी, दोर, क्रेट ठेवायला कप्पा केला असंल आणि यातलं काही व्हायलं असंल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

– संध्याकाळी कोरडं जाळं ठेवलं तरी सकाळी खालचा थर ओला, आणि थोड्या दिवसांत कुबट वास मारायला लागतो.
– झाकण उचललं की आतल्या बाजूनं थेंब लोंबायलेत, पण तळाला पाणी नाही, नुसती ओल.
– तळाला बोटभर पाणी, स्पंजनं काढलं तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेवढंच परत.
– होडी नेहमीपेक्षा खाली बसायलीय, वल्हं जड जातं, इंजिन असंल तर मागचं टोक जास्तच दबलेलं.
– जरा कलली की सरळ व्हायला वेळ लावते आणि आतून डुबुक डुबुक आवाज येतो.
– कप्प्याच्या तोंडापाशी पाय दिला की फळी दबते, आधी दबत नव्हती.
– आतल्या पाण्यावर रंगीत तवंग किंवा पेट्रोलचा वास. हे असंल तर बाकीचं काही तपासत बसू नका, झाकण उघडं टाका, इंजिन चालू करू नका, विडी-काडी लांब ठेवा आणि पेट्रोल कुठून येतंय ते आधी बघा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाला जाऊन बसते, आणि बंद कप्पा म्हणजे तिला आयतीच जागा.

मी फायबरचंच काम करतो, नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या, दोन्ही काठांवरनं माझ्याकडं होड्या येतात, आणि येणारा प्रत्येकजण हेच म्हणतो की तळाला भेग पडलीय, मॅट मारून द्या (मॅट म्हणजे रेझिन या घट्ट होणाऱ्या द्रवात भिजवून चिकटवायची फायबरच्या तंतूंची चादर). बहुतेक वेळा तळ ठणठणीत असतो आणि पाणी वरून आलेलं असतं. म्हणून आधी फुकटातलं तपासायचं, मग शे-दोनशे रुपयातलं, आणि तळाला हात सगळ्यात शेवटी लावायचा. येलदरी, सिद्धेश्वर, माजलगाव, इसापूर, विष्णुपुरी, कुठल्याही धरणावरची होडी असू द्या, क्रम हाच.

त्याआधी एक गोष्ट, ही सोडून पुढं जाऊ नका

फळीखालची जागा रिकामी दिसते म्हणून आपण कापतो, पण बनवणाऱ्यानं ती बंद ठेवली होती त्याला कारण होतं. लाकडाची जुनी नाव पाण्यानं भरली तरी लाकूड तरंगतं, फायबर पाण्यापेक्षा जड असल्यानं भरलेली होडी त्या बंद हवेच्या किंवा आत भरलेल्या फोमच्या जिवावरच वर राहते. हिशोब सोपा आहे, १ लिटर बंद हवा म्हणजे साधारण १ किलो वजन वर धरायची ताकद. २०० लिटरची पोकळी कापून कप्पा केला तर होडी भरल्यावर तिला वर धरणारं २०० किलोचं बळ तुम्ही काढून टाकलं, आणि ते दुसरीकडं कुठंतरी परत द्यावंच लागतं.

देण्याचा स्वस्तातला मार्ग म्हणजे घट्ट बुचाचे रिकामे प्लास्टिक कॅन. २० लिटरचा कॅन १९-२० किलो धरतो. हे कॅन दोन्ही अंगाला बसायच्या फळ्यांखाली सारखे वाटून नायलॉन पट्ट्यानं आवळून बांधायचे. नुसते कोंबून ठेवलेले कॅन होडी भरल्यावर बाहेर निघून वाहून जातात, त्यांचा उपयोग शून्य. आणि अंगाला, वरच्या बाजूला बांधायचं अशासाठी की भरलेली होडी तिथून धरली तर सरळ राहायला बघते, सगळी हवा तळाला असली तर ती पालथी व्हायला बघते.

बांधल्यावर एकदा खात्री करा. इंजिन आणि सामान उतरवून ठेवा, कमरेएवढ्या पाण्यात होडी न्या, चारजण बाजूला उभे राहा आणि बादलीनं भरा. इंजिनाच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या मागं ठेवायला विसरू नका. काठ पाण्याच्या वर राहिला आणि होडी कलली नाही तर ठीक. नाहीतर कॅन वाढवा. नाथसागर लांबीला ५५ किलोमीटर आणि रुंदीला २७ किलोमीटरपर्यंत पसरलाय, वैशाखात दुपारनंतर वळवाचं वारं सुटलं की एवढ्या उघड्या पाण्यावर लाट उठायला वेळ लागत नाही, आणि मधोमध असताना काठ कुठल्याही बाजूला लांबच असतो. लाईफ जॅकेट पण या नव्या कप्प्यात जाळ्याखाली दाबून ठेवायला लागलेत लोक, तसं करू नका, ते अंगावर पाहिजे.

फुकटातली तपासणी: पाणी येतंय कधी?

कुठून येतंय याच्या आधी कधी येतंय ते शोधा, निम्मं कोडं तिथंच सुटतं. कप्पा पूर्ण रिकामा करा, पाणी टिपून घ्या, कोरड्या फडक्यानं पुसा, दोन-तीन दिवस झाकण उघडं ठेवून ऊन दाखवा. मग जुन्या पेपरचे तुकडे तळाच्या चारी कोपऱ्यांत आणि मध्ये ठेवा, एखादा तुकडा झाकणाच्या आतल्या कडेला चिकटपट्टीनं लावा. आता तीन वेगवेगळ्या वेळा तपासायचं.

पहिल्यांदा होडी काठावर, पाण्याबाहेर, झाकण बंद करून रात्रभर. पाऊस नसताना. सकाळी पेपर ओला निघाला तर ते पाणी बाहेरून आलेलंच नाही, आतच कुठंतरी भिजलेलं आहे, फोम म्हणा, प्लायवूड म्हणा, किंवा कप्पा नीट वाळलेलाच नव्हता.

दुसऱ्यांदा होडी पाण्यात नुसती बांधून, कोणी बसायचं नाही, वर काही ठेवायचं नाही. या वेळी पेपर भिजला तर पाणी खालून किंवा मागच्या बुचातून यायलंय. तासाभरातच एकदा उघडून बघा, कारण उशीर केला तर सगळं पाणी सखल कोपऱ्यात गोळा होतं आणि कोणता पेपर आधी भिजला ते कळत नाही.

तिसऱ्यांदा नेहमीसारखं जाळं टाकून-ओढून या, फक्त कप्प्यात काही ठेवू नका. पहिल्या दोन्ही वेळा कोरडं आणि आता ओलं, म्हणजे पाणी वरून. झाकण, स्क्रू, कापलेली कड, याच्या बाहेर ते सहसा नाही, तिथं काही सापडलं नाही तर पुढं सांगितलेली आतली भोकं बघा.

पाण्याचा रंग पण बघा. धरणाचं पाणी जरा हिरवट-गढूळ असतं, बर्फाचं पाणी माशाच्या चिकट्यानं बुळबुळीत लागतं आणि घाण वास मारतं, झाकणाला लोंबणारे थेंब मात्र स्वच्छ असतात. त्या स्वच्छ थेंबांना घाबरू नका. ओलं जाळं बंद कप्प्यात ठेवलं की दिवसा उन्हानं त्यातलं पाणी वाफ होतं आणि रात्री झाकण गार पडलं की तीच वाफ थेंब होऊन लोंबते. मार्गशीर्ष-पौषात, रात्री जास्त गार असतात तेव्हा, हे फार होतं. तिथं सील बदलून काही फरक पडत नाही. उपाय एवढाच की काठाला आल्यावर जाळं आधी पसरून वाळवायचं, ठेवायचंच झालं तर भाजीच्या जाळीदार क्रेटमध्ये ठेवायचं, क्रेटखाली दोन पट्ट्या द्यायच्या म्हणजे तळाला हवा खेळते, आणि होडी उभी असताना झाकणाखाली लाकडाचा ठोकळा अडकवून फट ठेवायची.

बर्फाचं पण आत्ताच बघून घ्या. कप्प्यातच बर्फ आणि मासे ठेवत असाल तर १० किलो बर्फ वितळून १० लिटर पाणी होणारच, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात माशाइतकाच बर्फ लागतो, म्हणजे पाणी थोडंथोडकं नाही. कतला, रोहूचं ते पाणी फळ्यांच्या खाचेत मुरलं की कप्पा कितीही धुवा, वास जात नाही. बर्फाला स्वतंत्र पेटी ठेवा, तिला खाली नळी काढा, नळीखाली बादली. कप्प्यात बर्फ थेट टाकू नका. आणि वास मारणारा कप्पा कितीतरी दिवसांनी उघडताय तर लागलीच डोकं आत घालू नका, सडलेल्या घाणीतून निघणारा वायू बंद जागेत साठतो, थोडा वेळ उघडं ठेवा मग वाका.

झाकण

तिसऱ्या वेळी पेपर भिजला असंल तर इथनं सुरू करा. खडू घ्या, झाकण ज्या काठावर टेकतं तिथं सगळीकडं घासा, झाकण बंद करून कडी लावा, उघडा. झाकणाच्या रबरावर खडूची रेघ सलग उमटली पाहिजे. जिथं रेघ तुटली तिथनं पाणी आत जातंय. बऱ्याचदा रेघ कडीच्या बाजूला असते आणि बिजागरीच्या दोन्ही कोपऱ्यांत नसते, कारण एकच कडी मध्यात लावलेली असते आणि झाकण कोपऱ्यात उचललं जातं. दोन कड्या लावा, कोपऱ्याकडं सरकवून.

रबर गाडीच्या दाराला लावतात तसलं पोकळ किंवा स्पंजवालं बीडिंग चालतं, कार डेकोरवाल्याकडं मिळतं, दोनेकशे रुपयात काम होतं. चपटी रबरपट्टी किंवा सायकलची ट्यूब कापून चिकटवू नका, ती दबत नाही आणि न दबणारं रबर पाणी अडवत नाही. पट्टीचा जोड कोपऱ्यात घेऊ नका, सरळ बाजूवर घ्या आणि तो भाग लाटेच्या विरुद्ध अंगाला येऊ द्या.

पण खरं सांगायचं तर फळीच्या पातळीत सपाट बसवलेलं झाकण नुसत्या रबरावर कधीच टिकत नाही. त्यावर आपण पाय देतो, क्रेट ओढतो, वाळू अडकते, उन्हानं रबर कडक होतं, एका उन्हाळ्यात परत तेच. कायमचं पाहिजे तर कप्प्याच्या तोंडाला चारी बाजूनं दोन इंच उंच काठ उभा करा आणि झाकण त्यावर पिठाच्या डब्यासारखं वरून, बाहेरच्या कडा खाली येतील असं बसवा. मग फळीवर साचलेलं पाणी काठाला धडकून बाजूला जातं, आणि रबर खराब झालं तरी आत जाणारं पाणी अगदी थोडं. पायात येतं म्हणून लोक हे टाळतात. मला विचाराल तर ठेच परवडली.

स्क्रू

याकडं कोणी बघतच नाही. बिजागरी, कडी, वल्ह्याची कडी, बसायच्या फळीचे ब्रॅकेट, जो जो स्क्रू फळीतून आरपार गेलाय तो प्रत्येक एक भोक आहे.

कायगावकडल्या एका मामांची होडी होती. झाकणाचं रबर नवं, खडूची रेघ सलग, काठावर कोरडी, बांधून ठेवली तरी कोरडी, आणि एक फेरी मारून आली की तळाला पाणी. झाकण लावून घेतलं, मामांचा पोरगा बारीक अंगाचा होता त्याला पुढच्या बाजूनं टॉर्च घेऊन आत सरकवलं आणि मी वरून मगानं हळूहळू पाणी सोडलं. आधी सखल कडेला, मग वर वर, कारण एकदम सगळीकडं ओतलं तर कुठून आलं ते कळत नाही. बिजागरीपाशी आलो तसं पोरगं आतून म्हणालं, आलं. बिजागरीच्या मधल्या स्क्रूचं टोक फळीतून खाली आलेलं, त्याच्या आट्यांतनं पाणी गोल गोल फिरत उतरायचं, टोकाला थेंब धरायचा, फुगायचा आणि पडायचा, लगेच दुसरा. टोकाभोवती गंजाचा तपकिरी डाग होता, म्हणजे हे कितीतरी दिवसांपासून चालू होतं. तळाला दोनदा मॅट मारून झाली होती त्या होडीच्या, दुसरीकडं.

तर आतून टॉर्च मारून प्रत्येक स्क्रूचं टोक बघा, तपकिरी ओघळ असंल तर तो काढाच. भोक जरा मोठं करा, आतलं लाकूड ओलं असंल तर वाळू द्या, भोक इपॉक्सीनं (दोन भाग कालवून घट्ट होणारं रेझिन) पूर्ण भरा, सुकल्यावर त्यातच बारीक भोक पाडून स्टीलचा स्क्रू पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट लावून बसवा. असं केल्यानं स्क्रू लाकडाला न टेकता इपॉक्सीत बसतो, आणि पाणी घुसलंच तरी लाकडात मुरत नाही. स्टील ३०४ नंबरचं गोड्या पाण्याला पुरतं, समुद्रासारखं ३१६ घ्यायची गरज नाही.

बाथरूमचं सिलिकॉन मात्र वापरू नका. ते निघतं, आणि निघाल्यावरही त्याचा अंश फायबरवर राहतो, मग पुढं त्या जागी रेझिन धरत नाही की रंग धरत नाही. माझं निम्मं काम जुनं सिलिकॉन खरवडण्यात जातं.

मागचं बुच आणि आतली भोकं

दुसऱ्या वेळी, म्हणजे नुसती बांधून ठेवल्यावर पेपर भिजला असंल तर तळाला भेग आहे असं लगेच धरू नका, आधी बुच. बुचाचा वायसर कडक झालाय का, आट्यांत वाळू बसलीय का, बुच जिथं बसतं ती पितळी किंवा प्लास्टिकची कडी हलते का. वायसर दहा-वीस रुपयाचा आहे, बघायच्या आधीच बदला.

मग आतल्या पडद्यांची भोकं. बऱ्याच होड्यांत तळाला आडवे पडदे असतात आणि त्यांना खाली छोटी भोकं असतात, साचलेलं पाणी मागं बुचाकडं जावं म्हणून. कप्पा केल्यावर दोन गोष्टी होतात. एक तर जाळ्याचे तुकडे, खवले, गाळ जाऊन ती भोकं तुंबतात आणि पाणी कप्प्यातच अडकतं. किंवा उलटं, भोक उघडं असतं आणि इंजिनाजवळ साचलेलं पाणी होडीचं तोंड खाली झालं की पुढं कप्प्यात येतं, आणि माणूस इकडं झाकण बदलत बसतो.

हे शोधायला कपड्याची नीळ. मागच्या भागात बादलीभर पाणी ओता, त्यात नीळ कालवा, होडी जरा पुढं-मागं हलवा, अर्ध्या तासानं कप्प्यात निळं पाणी दिसलं तर रस्ता सापडला. तुंबलेलं भोक वाकवलेल्या तारेनं मोकळं करा. उघडं भोक बंद करायचं का? कप्प्याला स्वतःचं बुच किंवा पाणी उपसायला हातपंप देणार असाल तरच करा. नाहीतर आत आलेल्या पाण्याला बाहेर जायला वाटच राहत नाही, आणि साचलेलं पाणी होडी कलल्याबरोबर सगळंच्या सगळं खालच्या अंगाला पळतं आणि तिला आणखी कलवतं. जाळं एका अंगानं ओढताना हेच घात करतं. बोटभर पाण्याला म्हणून हलक्यात घेऊ नका.

कापलेली कड

फळी दबायली असंल तर हे. होडीची फळी पुष्कळदा प्लायवूडची असते आणि वर-खाली फायबरचा थर. ग्राइंडरनं चौकोन कापला की मधलं प्लायवूड उघडं पडतं, आणि उघडी कड वरून-खालून येणारं पाणी शोषत राहते, बाहेरून काही दिसत नाही. स्क्रू ड्रायव्हरचं टोक कडेत दाबून बघा. टणक लागलं तर बरं, टोक आत गेलं आणि काळं ओलं लाकूड निघालं तर ते कुजलंय.

बोट-दोन बोटंच कुजलं असंल तर तेवढं खरवडून काढा, वाळवा, इपॉक्सी आणि लाकडाचा बारीक भुसा कालवून भरा, वरून रेझिन-मॅटनं कड पूर्ण झाका. अजून कप्पा कापायचाच असंल त्यांनी कोपरे गोल कापा, चौकोनी कोपऱ्यातूनच भेग सुरू होते. आणि कापताना खाली लाकडाच्या उभ्या-आडव्या पट्ट्या लागल्या तर तिथं ग्राइंडर थांबवा, त्या होडीची ताकद आहेत, त्या कापून मोठा कप्पा करायच्या फंदात पडू नका.

फोम

पहिल्या वेळी, काठावर असतानाच पेपर भिजला असंल तर बहुतेक फोम भिजलेला. आत फोम भरलेला असतो तो कप्प्यासाठी थोडा काढलेला असतो, उरलेला तसाच, त्याची साल निघालेली. चांगला फोम लगेच पाणी पीत नाही पण वर्षानुवर्षं पाण्यात पडून राहिला की पितो, आणि एकदा प्यायला की बंद जागेत वाळत नाही. एक तुकडा कापून हातात पिळा. पाणी निघालं तर तो तरंगवायच्या कामाचा राहिला नाही, उलट वजन झालाय, काढा आणि त्याच्याऐवजी आधी सांगितल्यासारखे दोन्ही अंगाला आवळून बांधलेले कॅन द्या.

काहीजण पॅकिंगचा पांढरा थर्माकोल भरतात. पेट्रोल सांडलं तर तो विरघळतो, आणि त्यावर नेहमीचं पॉलिस्टर रेझिन मारलं तरी विरघळतो, डोळ्यादेखत खड्डा पडतो. थर्माकोलला झाकायचं तर इपॉक्सीनंच.

तळ

वरचं सगळं झालं, बुच नवं, नीळ दिसली नाही, तरीही बांधून ठेवल्यावर पाणी येतंच आहे, तर आता तळ. नाथसागर पसरट आहे, पाणी जरा उतरलं की काठ लांबच लांब मागं जातो, आणि उन्हाळ्यात होड्या मुरमावरून, काळ्या दगडावरून ओढत न्याव्या लागतात. त्यामुळं झीज कुठं बघायची ते ठरलेलं आहे, तळाची मधली धार, आणि मागच्या दोन कोपऱ्यांच्या खाली. वरचा गुळगुळीत रंगाचा थर जाऊन पांढरट तंतू दिसायला लागले असतील तर तिथनं पाणी झिरपू शकतं.

होडी जुन्या टायरांवर ठेवा, तळ घासून धुवा, पूर्ण वाळू द्या, बाहेरून रांगोळीची पूड भुरभुरवा आणि कप्प्यात आतून दोन-तीन इंच पाणी घाला. जिथं पूड ओली झाली तिथं भेग. पूर्ण कप्पा भरू नका, २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, आणि काठावर त्या वजनाला खालून पाण्याचा आधार नसतो, धड होडीला तडा जाईल.

भेग बोटभर लांब, दाबली तर हलत नाही, धारेपासून लांब आहे, तर घरी करता येतं. आजूबाजूचा भाग उतरता घासून काढा, जाडीच्या किमान बारापट रुंदीचा उतार पाहिजे, नुसत्या भेगेवर मॅट डकवली तर ती पापुद्र्यासारखी निघते. ओल अजिबात नको. रेझिनला हार्डनर १ ते २ टक्के, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो तेव्हा १ टक्क्यानंच, तेही भल्या सकाळी, नाहीतर ब्रशमध्येच गोठतं. आणि हे नीट वाचा: कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात तो द्रव) आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीच घालायचे नाहीत, पेट घेतो, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण कालवायचं, मग हार्डनर. डोळ्याला चष्मा लावा, हार्डनर डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. कप्प्याच्या आत वाकून रेझिन मारायचं असंल तर दोन्हीकडून हवा पाहिजे आणि बाहेर एक माणूस पाहिजे, त्या वासानं गरगरतं.

एम-सीलसारखी पुट्टी काठापर्यंत येण्यापुरती ठीक, ती लावून हंगाम काढू नका.

इथं थांबा आणि होडी बनवणाऱ्याला बोलवा

फळी हातभर जागेत दबत असंल. भेग तळाच्या मधल्या धारेवरून लांब जात असंल, किंवा दाबल्यावर उघडझाप करत असंल. इंजिन जिथं लटकवलंय ती मागची भिंत इंजिन हलवल्यावर हलत असंल. कप्पा करताना आतल्या पट्ट्या कापल्या गेल्या असतील. कमरेएवढ्या पाण्यात भरून बघितल्यावर होडी पालथी व्हायला बघत असंल. पेट्रोलचा वास जात नसंल. यातलं एक जरी असंल तर ती होडी पाण्यात घालू नका, काठावरच राहू द्या, आठवडाभराची मासळी गेली तरी चालेल.

बोलवताना टाक्या जोडणारा मिस्त्री आणि होडी बनवणारा यात फरक करा. टाकीला फक्त पाणी धरायचं असतं, होडीला वजन, लाट आणि इंजिनाचा धक्का सोसायचा असतो. ज्याच्या साच्यातली होडी आहे तो मिळाला तर उत्तम, कारण आत पट्ट्या कुठं आहेत आणि फोम किती भरला होता ते त्यालाच माहीत असतं. संस्थेमार्फत किंवा अनुदानातून होडी आली असंल तर आधी सचिवांना विचारून घ्या, कापाकापी करायला परवानगी लागते का ते.

आणि त्याला नुसतं पाणी येतंय असं सांगू नका. तीन वेळच्या पेपरचं काय झालं, खडूची रेघ कुठं तुटली, नीळ दिसली का, आणि कप्पा किती लांब-रुंद-खोल कापलाय ते माप, एवढं कागदावर लिहून द्या, म्हणजे तो येऊन पहिला दिवस शोधण्यात घालवणार नाही.